शेळीला औषध मिळतं, निदान मिळत नाही

पाच वर्षांपूर्वीच्या श्रावणात माझ्या हातून एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, मेली. आईची लाडकी, आठ महिन्यांची, काळीभोर उस्मानाबादी, कानांवर पांढरे ठिपके. दोन दिवस हगवण लागली होती आणि पाठीवरून हात फिरवला की कण्याचे मणके लागत होते. मी परांड्याला गेलो होतो, येताना औषधाच्या दुकानातून जंताच्या औषधाची बाटली आणली. आईनं मागचे पाय धरले. मी तोंड आभाळाकडं केलं आणि सॉसच्या रिकाम्या बाटलीनं औषध घशात ओतलं. ती ठसकली. मला वाटलं, कडू लागलं असेल. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली, मान पुढं ताणून तोंडानं श्वास घेऊ लागली. पाचव्या दिवशी पहाटे दावणीतच गेली.

नंतर कधीतरी शेजारच्या म्हशीसाठी डॉक्टर वस्तीवर आले, तेव्हा त्यांना ही हकिगत सांगितली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. तोंड किती वर धरलं होतं? आणि जंतच झालेत हे कशावरून ठरवलं? पहिल्या प्रश्नाचा अर्थ त्यांनी तिथंच समजावला. औषध पाजताना शेळीचं तोंड जमिनीला समांतर, फार तर जरासं वर ठेवायचं. मान ताणली की तिला नीट गिळता येत नाही आणि औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. माझं औषध तिच्या फुफ्फुसात गेलं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. तिला जंत होते की दुसरंच काही, हे मला कधीच कळणार नाही. त्या आठवड्यात हा प्रश्न विचारणारं माणूस दुकानात नव्हतं, वस्तीवर नव्हतं, आणि मलाही तो सुचला नाही.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाखांवर शेळ्या आहेत, त्यातल्या १ कोटी ६ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. त्या कुणाच्या दारात असतात हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला जमीन नाही, किंवा आहे ती पावसाच्या भरवशावरची, त्याच्या. आणि त्या घरातही बहुतेक बाईच्या. मुलीची फी, सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बियाण्याची पिशवी, हे सगळं शेळीच्या पाठीवर उभं असतं. या शेळीसाठी आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक गोष्ट केली: औषध स्वस्त केलं आणि तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत पोचवलं. निदान मात्र होतं तिथंच राहिलं, दूर आणि महाग. माझं म्हणणं असं आहे की या दोहोंतल्या अंतरानंच आज पुष्कळ शेळ्या मरतात, आणि हे अंतर भरून काढणं हे पशुसंवर्धन खात्याचं पहिलं काम असायला हवं. नवीन शेळ्या वाटण्याच्याही आधीचं.

हगवणीचंच बघा. दुकानदाराला आपण सांगतो, 'शेळी हगतीय.' तो जंताचं औषध देतो, नाहीतर हगवण बांधणारी गोळी, नाहीतर दोन्ही. पण हगवण हा आजार नाही, ती नुसती खूण आहे. दीड-दोन महिन्यांच्या करडांना पावसाळ्यात रक्ताची हगवण लागते, ती पुष्कळदा कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय जिवामुळं. तो जंत नव्हेच. जंताचं औषध त्याला काही करत नाही. कळपात एकापाठोपाठ एक शेळ्यांना ताप येतो, डोळ्या-नाकातून घाण गळते, तोंड आतून सोलवटतं आणि मग हगवण लागते, तेव्हा तो पीपीआर हा साथीचा रोग असू शकतो. तो विषाणूमुळं होतो, त्यावर प्रतिजैविकाचं इंजेक्शन चालत नाही. इंजेक्शननं फार तर मागाहून शिरणारे जिवाणू थोपवता येतात. पहिल्या पावसाचं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लेलं धष्टपुष्ट करडू संध्याकाळी आडवं होऊन सकाळी मेलेलं सापडतं, तेव्हा आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याची, शंका घ्यावी लागते; त्यात औषध पाजायला वेळच मिळत नाही, लस आधी टोचलेली असली तरच जीव वाचतो. ज्वारीचं पोतं फोडून खाल्लेल्या शेळीचं पोट आंबतं, तिलाही पातळ होतं. आणि जंतांमुळं होते ती हगवण वेगळीच. पाच कारणं, पाच उपचार, आणि आपल्या हातात बाटली एकच.

आता ज्या जंताला आपण सगळ्यात जास्त औषध पाजतो, त्याच्याकडं बघू. हिमोंकस हा शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. मादीच्या अंगात रक्तानं भरलेलं लाल आतडं आणि पांढरी बीजांडं एकमेकांभोवती पिळलेली असतात, म्हणून ती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्तच दोन लिटरच्या आसपास असतं. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, पावसाळ्याच्या दमट हवेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. दव वाळण्याआधी जी शेळी चरायला सुटते, तिच्या पोटात त्या जातात. हा जंत हगवण लावेलच असं नाही. तो शेळीला आतून पांढरी करतो. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, चालता चालता ती बसते, आणि धनी म्हणतो, 'काल तर चरत होती.'

शेळी मुळात गवत खाणारं जनावर नव्हे. ती पाला खाणारी. बोरीवर, बाभळीवर, हिवरावर मागच्या दोन पायांवर उभी राहून डोक्याच्या उंचीवरचा पाला ओरबाडते, आणि जंताच्या अळ्या तेवढ्या उंच चढत नाहीत. बाभळीच्या पाल्या-शेंगांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, तेही जंतांना मानवत नाही. माझे आजोबा शेळ्यांना कधी औषध पाजत नव्हते, फार तर पळसपापडी कुटून द्यायचे. आणि लोक मला नेहमी हेच ऐकवतात की आमच्या बापानं कुठं लेंडी तपासली होती? खरं आहे. पण त्यांच्या शेळ्या माळावर झुडपं खात हिंडायच्या. तो माळ आता उसाखाली गेला, प्लॉटिंगमध्ये गेला, उरला त्याला तारेचं कुंपण लागलं. आपण शेळीला बांधावरच्या गवतावर आणलं, नाहीतर शेडमध्ये कोंडून जमिनीवर वैरण टाकली. तिचं जगणं बदललं, म्हणून तिचा आजारही बदलला. आजोबांचा दाखला म्हणूनच आज पुरत नाही.

या बदलाला आपण उत्तर दिलं ते तारखेचं. दर तीन महिन्यांनी अख्ख्या कळपाला जंताचं औषध. वेळापत्रकं छापलेली असतात, शेळीपालनाच्या प्रशिक्षणातही तीच सांगितली जातात. मला हे वेळापत्रक चुकीचं वाटतं, आणि हे म्हणताना मला कल्पना आहे की अनेक अनुभवी शेळीपालकांना राग येईल. कारण असं: कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, साधारण पाव कळपात तीन चतुर्थांश. बाकीच्या शेळ्या त्यांच्यापुरत्या जंतांना पुरून उरतात. सगळ्यांना एकाच दिवशी औषध पाजलं की औषधाला दाद देणारे जंत सगळीकडून मरतात आणि उरतात ते न दबणारे. पुढची पिढी फक्त त्यांची. असं चार-सहा वर्षं केलं की बाटली तीच, रंग तोच, वास तोच, आणि गुण मात्र येत नाही. मग दुकानदार दुसऱ्या कंपनीची बाटली देतो, तिच्यातलं औषध बहुधा त्याच कुळातलं असतं. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही सख्खी भावंडं आहेत. नावं बदलून तीच दिली म्हणजे औषध बदललं असं होत नाही.

दक्षिण आफ्रिकेत याच हिमोंकसनं मेंढपाळांना जेरीस आणलं तेव्हा तिथल्या पशुवैद्यांनी एक साधं कार्ड तयार केलं, फमाचा. त्यावर पाच रंग असतात, गडद लालपासून पांढऱ्याफटकपर्यंत. शेळीची खालची पापणी उलटायची, आतला रंग कार्डाशी ताडायचा. लाल असेल तर सोडून द्यायची. फिकट, पांढरी असेल तर तिला औषध. मधल्या रंगाची असेल तर ती गाभण आहे का, करडू आहे का, वाळलेली आहे का बघून ठरवायचं. हे कार्ड फक्त रक्त पिणाऱ्या जंताबद्दल बोलतं, बाकी आजारांबद्दल नाही, आणि ते वापरायला शिकावं लागतं. पण यात यंत्र नाही, वीज नाही. पापणी उलटून बघणं आपल्याकडच्या जुन्या धनगरांनाही नवं नाही. तरीही माझ्या भागात मी हे कार्ड एकाही शेळीपालकाच्या हातात पाहिलेलं नाही. बाटल्या मात्र प्रत्येक कोनाड्यात आहेत.

आणि बाटलीतून किती द्यायचं? हा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण निदान बरोबर असूनही इथं घात होतो. औषधाची मात्रा किलोवर असते, आणि आपण शेळी डोळ्यानं तोलतो. बाजारात मांसाचा अंदाज बांधणारे डोळे औषधाच्या वेळी का कोण जाणे, नेहमी कमीच सांगतात. पस्तीस किलोच्या शेळीला पंचवीसचं औषध गेलं की जंत मरत नाहीत, फक्त शिकतात. त्यात शेळीची आणखी एक गोष्ट आहे. तिचं यकृत ही बरीचशी औषधं मेंढीच्या यकृतापेक्षा लवकर मोडून बाहेर टाकतं, म्हणून मेंढीच्या मात्रेत शेळीचं भागतंच असं नाही. याचा अर्थ 'दोन मिलि जास्त घाला' असा मात्र नव्हे. लेव्हामिझोलसारख्या औषधात पुरेसं आणि जास्त यांत फार थोडं अंतर असतं. जास्त झालं की शेळी लाळ गाळते, थरथरते, मरूही शकते. शेळीची मात्रा डॉक्टरनंच ठरवावी आणि ती वजनावर ठरवावी. वजनकाटा नसेल तर शिवणकामाची टेप चालते: पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचा आणि ६६० नं भागायचा, की किलोत वजन येतं. घेर २८, लांबी २६ असेल तर जवळजवळ ३१ किलो. सातवीतल्या पोराला हे गणित घालता येतं, आणि शाळेतल्या पुष्कळ गणितांपेक्षा ते त्याच्या घराच्या जास्त उपयोगाचं आहे.

गाभण शेळीबद्दल तर बाटली तोंडातून शब्द काढत नाही. काढत असेल तो इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. गर्भ दगावू शकतो किंवा करडू व्यंग घेऊन जन्मतं. पण पहिल्या महिन्यात शेळी गाभण आहे हे कळतं कुणाला? बोकड कळपातच असतो, कुठली शेळी कधी फळली याची वही कुणी ठेवत नाही. मग अख्ख्या कळपाला पाजलेलं औषध चार शेळ्यांच्या पोटातल्या जिवावर जातं, आणि 'यंदा शेळ्या उलटल्या' एवढंच आपण म्हणतो.

गर्भ पडला की तो आणि वार उचलून टाकणारी घरची बाईच असते, उघड्या हातांनी. शेळ्यांत गाभ जाण्याच्या कारणांपैकी ब्रुसेला या जिवाणूचा रोग हे एक, आणि तो माणसालाही होतो: महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधे धरणं, घाम. इथं मला माल्टा बेटाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथले ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षं अशाच तापानं अंथरुणाला खिळत होते. डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये त्याचा जिवाणू सापडला, पण तो येतो कुठून हे समजेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या तिथल्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं आणि रोग तिथं सापडला, ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांत. सैनिकांचं कच्चं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं ओसरला. त्या तापावरचं औषध अजून जन्माला यायचं होतं. रोग हटला तो कुणीतरी शेळीच्या रक्ताचा थेंब तपासला म्हणून. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि माझ्या तालुक्यात शेळीचा गाभ गेला तर तिचं रक्त तपासायला पाठवावं असं कुणाच्या मनात येत नाही. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे. आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास.

औषधाच्या सुरक्षिततेचा विचार शेळीच्या कातड्यापाशी थांबत नाही, म्हणून आणखी एक गोष्ट. जनावराच्या अंगात गेलेलं औषध मांसात आणि दुधात काही दिवस राहतं. आपल्या औषध नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनं हे स्पष्ट केलं आहे की प्रत्येक बाटलीवर हा थांबण्याचा काळ लिहिलेला असावा, आणि लिहिलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत. अठ्ठावीस दिवस. आता आठवा, आपल्याकडं बोकड कधी विकला जातो. आखाड आला, यात्रा आली, बकरी ईद आली की. आणि आजारी पडला की. इंजेक्शनचा गुण येईना असं दिसलं की दुसऱ्या दिवशी खाटकाला फोन जातो. यात मी गरीब शेळीपालकाला दोष देत नाही; पाच-सात हजारांचं जनावर डोळ्यांदेखत मातीत जाताना बघणं ज्याच्यावर आलंय, त्याला उपदेश करायचा अधिकार मला नाही. पण अठ्ठावीस दिवसांचा नियम आहे हे त्याला एकदाही कुणी सांगितलेलं नसतं. विमा वेळेवर मिळेल याची खात्री असती तर तो थांबलाही असता.

नियम आणि बंद्यांनी काय होतं आणि काय होत नाही, याचा धडा गिधाडांनी दिला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेलं जनावर मेलं, ते माळावर टाकलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जाऊ लागल्या. त्या २०१५ मध्ये बंद कराव्या लागल्या. त्याच जातीची दुसरी घातक औषधं निघाली: असेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाली, निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस. जवळजवळ वीस वर्षं कायदा बाटल्यांच्या मागं धावत राहिला. जे काही साधलं ते मेलोक्सिकॅमसारखं सुरक्षित औषध हाताशी होतं, आणि गिधाडांसाठी झटणारी माणसं गावोगाव जाऊन सांगत राहिली म्हणून. कोलिस्टिन हे माणसाच्या अगदी शेवटच्या आधाराचं प्रतिजैविक २०१९ मध्ये खाद्य-जनावरांसाठी बंद झालं, ते योग्यच झालं. पण तापलेल्या शेळीला नेमकं काय झालंय हे सांगणारं कुणी जवळ नसेल, तर माणूस त्याच्या जागी दुसरी कुपी घेणारच.

म्हणूनच 'चिठ्ठीशिवाय औषध विकूच नका, दुकानांवर छापे घाला' ही सूचना मला पुरती पटत नाही. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत हा नियम आहे आणि तो पाळला गेला पाहिजे. पण चिठ्ठी देणारा माणूस अठरा किलोमीटरवर असेल, त्याच्याकडं तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार असेल, आणि एसटी दिवसातून दोनदा असेल, तर दुकान बंद केल्यानं शेळी वाचत नाही. ती फक्त बिनऔषधाची मरते. आधी निदान जवळ आणा, मग औषधाला कुलूप लावा. हा क्रम उलटा केला तर भार पुन्हा त्या बाईवरच पडेल.

निदान जवळ का आलं नाही, याचं एक कारण सरकारी मोजमापातच दडलं आहे. दवाखाना कुठं हवा हे पशुधन घटकांवर ठरतं. पाच हजार घटकांमागं एक, आदिवासी भागात तीन हजारांमागं एक. गाय किंवा म्हैस म्हणजे एक घटक. दहा शेळ्या-मेंढ्या मिळून एक घटक. चाऱ्याच्या हिशेबाला हे ठीक आहे, शेळी गाईच्या मानानं थोडंच खाते. पण आजारी शेळी तपासायला डॉक्टरला गाईच्या दहाव्या हिश्शाचा वेळ लागत नाही. तिचा ताप तेवढाच बघावा लागतो, पोट तेवढंच ऐकावं लागतं. ज्या तालुक्यात शेळ्या जास्त आणि गाई कमी, म्हणजे जिथं पाऊस कमी आणि गरिबी जास्त, तिथंच या हिशेबानं दवाखाने विरळ होतात. हे मोजमाप बदलावं ही माझी पहिली मागणी आहे. पाच शेळ्यांचा एक घटक धरला तरी नकाशा बदलेल.

दुसरीकडं, शेळ्या वाटायला आपल्याकडं योजना आहेत. दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो. सर्वसाधारण लाभार्थ्याला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान. योजना चांगली आहे, अनेक घरं तिनं उभी राहिली. पण बाजारातून एकदम आणलेल्या, वेगवेगळ्या कळपांतल्या अकरा जिवांना पहिले तीन आठवडे वेगळं ठेवायला सांगणारं, पीपीआरची लस झालीय का विचारणारं, पहिल्या पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि पंधरवड्यानं तिचा बूस्टर टोचणारं कुणीतरी त्या गटाबरोबर यायला हवं. पीपीआरची लस आपल्याच देशातल्या विषाणूपासून, भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं तयार केली आहे. एकदा टोचली की तीन वर्षं पुरते. जगातून २०३० पर्यंत हा रोग घालवायचं ठरलं आहे, आणि त्याचाच मोठा भाऊ, गुरांची बुळकांडी, २०११ मध्ये खरोखर घालवून झाला आहे. इतकी चांगली लस हाताशी असताना वाटलेली शेळी पीपीआरनं मरावी, याला मी दुर्दैव म्हणायला तयार नाही.

हे कुणीतरी कोण? माझं उत्तर आहे पशुसखी, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी घ्यायला शिकलेली गावातलीच बाई. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांतून अशा बायका आजही काम करतात. माणदेशात म्हसवडच्या संस्थेनं तर बायकांना शेळ्यांचं कृत्रिम रेतनही शिकवलं. काही पशुवैद्यांना हे रुचत नाही, आणि त्यांचा आक्षेप मी हलक्यानं घेत नाही. अर्धवट शिकलेला हात सुई धरतो तेव्हा काय होतं, ते मी बिनासुईचं करून पाहिलं आहे. पण १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातच नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची सोय आहे. पशुसखीच्या कामाची रेघ स्पष्ट आखा. तिनं वजन घ्यावं, पापणी बघावी, कानाच्या बिल्ल्याप्रमाणं फळल्याची नोंद ठेवावी, तोंड कसं धरायचं ते शिकवावं, लेंडीचा नमुना घ्यावा, लसीकरणाला हात द्यावा, आणि जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या १९६२ या क्रमांकावर फोन कधी करायचा हे ओळखावं. प्रतिजैविकं आणि अडलेली वेतं तिच्या कक्षेबाहेर. आणि तिला मानधन द्या. फुकटच्या सेवाभावावर हे काम टिकणार नाही, बायकांच्या श्रमाच्या बाबतीत ही सवय आपण सोडायला हवी.

लेंडी तपासायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यात लेंडी कुस्करायची, गाळायची, काही मिनिटं ठेवायची. हिमोंकससारख्या जंतांची अंडी वर तरंगतात, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून मोजता येतात. यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी जड, ती तळाशी शोधावी लागतात, ते कोकणात आणि भातपट्ट्यात महत्त्वाचं. आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. तो कपाटात असतो, कपाटाला कुलूप असतं. महिन्यातून एक दिवस पशुधन पर्यवेक्षकानं तिथं बसावं, गावातल्या शेळ्यांच्या लेंड्या बघाव्यात, नववीच्या पोरांनाही बघू द्याव्यात. याला नवीन इमारत लागत नाही.

आणि बाटलीवर मराठीत, डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात चार ओळी हव्यात: किती किलोला किती, गाभण शेळीला चालेल का, दूध किती दिवस आणि मांस किती दिवस नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही वस्तीवर एवढं तरी केलं. कापूस तोलायचा ताणकाटा लिंबाच्या फांदीला टांगला, खाली पोत्याची झोळी बांधली आणि एकेक शेळी चढवली. चढवण्याआधी प्रत्येकीनं आपापल्या शेळीचं वजन सांगायचं, मी वहीत लिहायचं, मग काटा बघायचा. काकींनी त्यांच्या म्हाताऱ्या शेळीचं सांगितलं पंचवीस. काटा छत्तीसवर थांबला. त्यांनी दोनदा खाली उतरवून चढवायला लावली. मग झोळीचा दोर सोडता सोडता म्हणाल्या, 'म्हंजी गेली चार वर्सं हिला मी तीनातलं दोन वाटणीचंच पाजत आले का रे?' मी पापणी उलटून बघितली. आत लालसर होती. तिला या वेळी औषध नको, असं सांगितलं, आणि आईनं पुढची शेळी झोळीत घातली.